मॉनिटरच्या पाठीवरचं नाव

शाळेच्या हॉलमध्ये सहा पंखे होते आणि सहाही पंख्यांच्या प्रत्येक पात्यावर लाल रंगात नाव होतं : कै. श्रीमंत कोंडीबाराव रामराव डोंगरे. पंखा फिरला की नाव दिसत नसे, म्हणून देणगीदार आले की पंखे बंद ठेवायचे, असा सचिव महिपतीरावांचा हुकूम होता. सोलापूरचा एप्रिल, वर पत्रे, खाली माणसं घामाने निथळत बसलेली आणि त्यांच्या डोक्यावर कोंडीबाराव अठरा वेळा स्थिर. शालनबाई पहिल्या रांगेत पदराने वारा घेत बसत आणि मनाशी म्हणत, मेलेल्याचं नाव दिसावं म्हणून जिवंत माणसं शिजवायची, ही अक्कल या लोकांना कोणत्या शाळेने दिली असेल? मग त्यांना आठवे, की याच शाळेने दिली.

आणि या सगळ्या लोकांची नावं शाळेच्या रजिस्टरात त्यांनी स्वतःच घातली होती. शालनबाईंनी अक्कलकोट रस्त्याच्या या शाळेत अडतीस वर्षं कारकुनी केली. आता त्यांना त्र्याहत्तरावं लागलं होतं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून तर त्यांना पूर्वीपेक्षा जास्तच दिसू लागलं होतं, आणि जे दिसे ते बहुतेक आवडत नसे.

संस्थेच्या खरेदी समितीत एक बाई हवी असं कुठल्याशा परिपत्रकात आलं, तेव्हा महिपतीरावांना शालनबाईंची आठवण झाली. म्हातारी आहे, पेन्शनर आहे, चहा घेईल, सही करील, असा त्यांचा हिशेब. शालनबाई चहा घेत. सहीचं मात्र वाचून बघू, म्हणत.

त्या वर्षी समितीपुढे एकच विषय होता. ऑफिसच्या संगणकाला नवा मॉनिटर.

जुना मॉनिटर कोणीतरी बँकेतून काढून टाकलेला, तोही दान म्हणूनच आलेला. पडदा पिवळा पडलेला, मधोमध एक उभी काळी रेघ, आणि अक्षरं अशी दिसत, जणू कोणी त्यांच्यावर पाणी सांडलंय. त्याच्यासमोर धम्मप्रिया बसे. चोवीस वर्षांची पोर, कंत्राटावर लागलेली, शालनबाईंच्याच जुन्या टेबलावर. जुन्या जनरल रजिस्टरांची पानं हात लावला की तुकडे होत, म्हणून त्यांचे फोटो काढून संगणकात घातले होते. धम्मप्रियाने ते फोटो वाचायचे आणि शेजारी टाइप करून घ्यायचे. पन्नास वर्षांतल्या पोरांची नावं, आईबापांची नावं, जन्मतारखा.

मार्चमध्ये घोटाळा झाला. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होणारा अभिमन्यू नावाचा जुना विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत घेऊन गेला होता. त्यावर जन्मतारीख एक जूनऐवजी नऊ जून पडली. त्याचे कागद जुळेनात, पेन्शनचं प्रकरण परत आलं, आणि तो तीन खेपा घालून चौथ्या खेपेला ऑफिसात येऊन ओरडला, “बाई, मला जन्माला घालून साठ वर्षं झाली. आता आठ दिवस पुढं ढकलून काय मिळालं तुमाला?”

महिपतीरावांनी चूक कोणाची ते लगेच ठरवलं. पहिली धम्मप्रियाची. दुसरी, शालनबाईंच्या अक्षराची.

“जुन्या कारकुनांचा एक आणि नऊ सारखाच असायचा,” ते समितीत म्हणाले. शालनबाई समोरच बसल्या होत्या, पण महिपतीरावांना समोरच्या माणसाविषयी तो तिथे नसल्यासारखं बोलायची सवय होती. “ते असो. मुलीला सांगितलंय. पंधरा जूनपर्यंत सगळी रजिस्टरं पूर्ण करायची. आणखी एक चूक सापडली, तर जूनपासून दुसरी मुलगी बघू.”

“माझा नऊ?” शालनबाई म्हणाल्या. “माझ्या नऊला असा आकडा असायचा की त्यावर तुमची टोपी अडकवता आली असती, महिपतीराव.”

“बाई, चेष्टा नको.”

“चेष्टा तुम्ही करताय. रजिस्टर नीट आहे. तुमचा पडदा आंधळा आहे.”

त्या उठून तडक ऑफिसात गेल्या. धम्मप्रिया पडद्याला नाक लावून बसली होती. डोळे लाल, कपाळावर बामाचा वास.

“अगं, अभिमन्यूची तारीख नऊ जून कशी वाटली तुला?”

“बाई, खरं सांगू? तिथं काहीतरी वाकडं दिसत होतं. रेघ बरोबर त्याच्यावरनं जाते. मी अंदाजानं घातलं.”

“मला विचारायचंस. त्या काळी या जिल्ह्यात नऊ जूनला कोणी जन्मतच नव्हतं.”

धम्मप्रियाला कळेना.

“अगं, आईबापांना तारीख कुठे ठाऊक असायची? कोणी सांगायचं ज्वारीच्या काढणीला झाला, कोणी सांगायचं जत्रेच्या आदल्या दिवशी. शाळा जूनला सुरू. मग आम्ही एक जून घालायचो. अर्धा मोहोळ आणि पाऊण अक्कलकोट एक जूनला जन्मलेला आहे. मीच जन्माला घातलाय.”

धम्मप्रिया हसली, मग हसता हसता डोळे पुसले. तिचे वडील अकलूजला दूध डेअरीत गाडीवर होते. धाकटी बहीण शिकत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांना काही झालेलं नाही, पडदा बदला. “बाई, मी चूक नाही करणार हो. पण मला दिसू तर द्या.”

शालनबाईंना एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर आठवलं. टाइपरायटर घ्यायचा होता, तेव्हा मुख्याध्यापक हणमंतराव सर त्यांना स्वतः दुकानात घेऊन गेले होते. पाच यंत्रं मांडलेली. सर दुकानदाराला म्हणाले होते, “मला काही विचारू नका. जी बसणार आहे तिला विचारा.” शालनबाईंनी अर्धा दिवस पाचही यंत्रांवर एकच लांबलचक नाव टाइप करून बघितलं आणि चौथं उचललं. तो टाइपरायटर एकवीस वर्षं चालला. ऑफिसचं टेबलही सरांनीच लावलं होतं, खिडकी डाव्या हाताला येईल असं, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. एवढा साधा विचार करणारी माणसं कुठे गेली आणि त्यांच्या जागी हे टोपीवाले कुठून आले, हे शालनबाईंना कोडंच होतं.

मॉनिटर मानसिंग डोंगरे देणार होता. पंखे त्याचेच. पिण्याच्या पाण्याची टाकीही त्याचीच, जिच्यावर नाव इतकं मोठं होतं की पोरांना तोटी शोधावी लागे. मोहोळजवळ हायवेला त्याचं खडीचं क्रशर होतं, गळ्यात साखळी, आणि वडिलांच्या नावामागे ‘श्रीमंत’ व पुढे ‘राव’ हे त्याने स्वखर्चाने लावून घेतलं होतं.

दुकानात कोणी कोणी जायचं, यावर पुन्हा बैठक झाली. महिपतीराव म्हणाले, “मी, मानसिंगराव आणि बाई.”

“आणि धम्मप्रिया,” शालनबाई म्हणाल्या.

“तिचं काय काम? खरेदी समितीत ती नाही.”

“डोळे तिचे आहेत.”

महिपतीरावांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा ‘चर्चा झाली’ असं. शालनबाईंनी उत्तराची वाट न बघता रिक्षा ठरवली आणि पोरीला शेजारी बसवून नवी पेठ गाठली. धम्मप्रियाने पेनड्राइव्हवर रजिस्टरचं एक पान घेतलं होतं. “हे पान ज्याच्यावर नीट दिसेल तो घेऊ,” शालनबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं.

दुकान सिद्धारामचं. बाईंना बघताच तो काउंटरवरून उतरून पाया पडला.

“सिद्धाराम,” शालनबाई म्हणाल्या, “तू पण एक जूनच ना रे?”

“व्हय बाई. आमच्या घरात चौघं एक जूनचे. एका केकमध्ये भागतंय.”

तेवढ्यात मानसिंगची पांढरी गाडी लागली. मानसिंग उतरला, मागून महिपतीराव उतरले आणि मानसिंगच्या बाजूचं दार लावायला धावले. दार ड्रायव्हरने आधीच लावलं होतं.

सिद्धारामने तीन मॉनिटर मांडले. त्याला आपलं काम कळत होतं. “बाई, ऑफिसात दिवसभर अक्षरंच वाचायची असतील तर हा,” त्याने चोवीस इंची, करडा, साधासा एक पुढे केला. “काच चकचकीत नाही, त्यामुळं उजेड उलटा डोळ्यात येत नाही. स्टँड वर-खाली होतो, मान वाकवायला नको. दोन पानं शेजारी-शेजारी मावतात. हा दुसरा मोठा हाय, पण सिनेमा बघायला. अन् तिसरा चौतीस इंची, वाकडा, तो गेम खेळणाऱ्या पोरांचा.”

“ह्यो?” मानसिंगने साध्या मॉनिटरवर बोट आपटलं. “ह्यो तर दळणाच्या डब्याचं झाकण हाय की.”

मग त्याने जे केलं ते शालनबाई मरेपर्यंत विसरणार नव्हत्या. तो टेबलाला वळसा घालून मागे गेला. बैलबाजारात माणूस बैलाचे दात बघतो. मानसिंग एकेका मॉनिटरची पाठ बघत होता. साध्या मॉनिटरच्या पाठीवर त्याने वीत ठेवली आणि मान हलवली. मधे स्टँड, वर खाचा, नावाला जागा नाही. दुसऱ्यावर ठेवली. बरी होती. चौतीस इंचीवर एक वीत, दोन विती, तिसरी वीत.

“महिपती सर, हे बगा. ‘श्रीमंत’ हितं, ‘कोंडीबाराव’ हितं, अन् खाली ‘यांचे स्मरणार्थ’. बसतंय की नाय?”

“ऐसपैस बसतंय,” महिपतीराव म्हणाले. “आणि टेबल दाराकडे फिरवलं, की ऑफिसात येणाऱ्याला आधी मॉनिटरची पाठच दिसते.”

“पाठ दिसते हे खरं,” शालनबाई म्हणाल्या, “पण काम पोटाकडून करायचं असतं. धम्मप्रिया, लाव गं ते पान.”

धम्मप्रियाने पेनड्राइव्ह काढला. महिपतीरावांनी हात आडवा घातला. “शाळेची कागदपत्रं दुकानात उघडायची नसतात. गोपनीयता असते.”

पन्नास वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं गोपनीय आणि पंख्यांवरचं नाव अठरा वेळा जाहीर. शालनबाईंनी काही बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मानसिंग आता चौतीस इंची मॉनिटरच्या समोर आला होता. काळीभोर चकचकीत काच होती. मानसिंगने तिच्यात बघितलं, मान तिरपी केली, मिशीला पीळ दिला, आणि खूश होऊन म्हणाला, “लई क्लियर हाय.”

मॉनिटर बंद होता.

सिद्धारामने शालनबाईंकडे बघितलं आणि घाईघाईने दुसरीकडे बघितलं. धम्मप्रियाने ओढणी तोंडाला लावली.

“हाच,” मानसिंग म्हणाला.

“हाच,” महिपतीराव म्हणाले, आणि खरेदीची वही शालनबाईंपुढे सरकवली. शालनबाईंनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘मला मान्य नाही. वापरणारीला विचारलेले नाही.’ खाली तारीख घातली. तारखेत नऊ होता. त्यांनी तो मुद्दाम मोठा काढला.

“बाई, एका सहीसाठी कशाला…” महिपतीराव म्हणाले. “असो. दोन विरुद्ध एक.”

बाहेर पडताना शालनबाई सिद्धारामजवळ थांबल्या. “तो साधा कोणाला विकू नको. कार्यक्रमाच्या दिवशी घेऊन ये.”

“कशासाठी बाई?”

“दाखवायला. नाही जमलं तर परत ने.”

“तुमी सांगितल्यावर आणतोच की.”

रिक्षात धम्मप्रिया म्हणाली, “बाई, जूनपासून मी दुसरीकडं बघू का?”

“बघ की,” शालनबाई म्हणाल्या. “पण आधी मला बघू दे.”

कार्यक्रम मेच्या पहिल्या आठवड्यात ठेवला. पेंटर दोन दिवस आधी येऊन गेला होता. चौतीस इंचांच्या पाठीवर पिवळी किनार, लाल अक्षरं, ‘श्रीमंत’ला वेलबुट्टी. हवा आत-बाहेर जायच्या बारीक फटी होत्या, त्या ऑइल पेंटने बुजल्या होत्या. नाव ऑफिसात शिरणाऱ्याला दिसावं म्हणून हणमंतराव सरांनी लावलेलं टेबल उचलून दाराकडे तोंड करून ठेवलं होतं. त्यामुळे खिडकी आता धम्मप्रियाच्या पाठीशी आली आणि सगळं ऊन थेट त्या चकचकीत काचेवर.

महिपतीरावांनी मॉनिटरला हार घातला, हळदकुंकू लावलं. कुंकू पडद्यावरही लावलं. नारळ फोडला. मग भाषण केलं. भाषण संस्थेच्या प्रगतीवर होतं आणि प्रगतीएवढंच लांब होतं. ऑफिस लहान, माणसं पंचवीस-तीस, छताला एकच पंखा आणि तो अर्थातच बंद.

“आता,” महिपतीराव म्हणाले, “या आधुनिक यंत्रावर पहिलं काम. आपले दाते मानसिंगराव याच शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या स्वतःच्या प्रवेशाच्या नोंदीचा उतारा आपण आत्ता, सर्वांसमोर काढणार आणि फ्रेम करून त्यांना देणार. हं, काढा.”

फ्रेम तयार होती. काचेसकट. फक्त आत काही नव्हतं.

धम्मप्रिया बसली. तिने हार बाजूला सारला. पडद्यावर खिडकी होती, खिडकीतलं गुलमोहराचं झाड होतं, झाडाखालची स्कूटर होती. तिने ओंजळ करून पडद्यावर सावली धरली, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. शालनबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होत्या. पोरीच्या मानेवर घाम उतरत होता. आत्ता तिने अंदाजाने काढलं आणि चुकलं, तर पंधरा जूनचीही वाट बघायला नको.

“काढा की,” महिपतीराव दातातल्या दातात म्हणाले.

“सर, दिसत नाही.”

“काय दिसत नाही? चौतीस इंची आहे!”

“तरी दिसत नाही.” धम्मप्रियाने मान वर केली. “अंदाजानं काढू का सर? मागच्या वेळी अंदाजानंच काढलं होतं.”

ऑफिसात कोणीतरी खाकरलं. शालनबाई उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला, पण तेवढ्या वेळात सगळे गप्प झाले, कारण तिथल्या निम्म्या माणसांची नावं त्यांनी लिहिली होती.

“मानसिंग, इकडे ये,” त्या म्हणाल्या. “तुझंच पान आहे. तूच वाच. तिला कशाला त्रास?”

“मी, बाई?”

“बस या खुर्चीवर. दुकानात तुला फार क्लियर दिसत होतं.”

मानसिंग हसत हसत बसला. साखळी सारखी केली. पडद्याकडे बघितलं. हसू हळूहळू कमी झालं.

“काय दिसतं?”

“मी दिसतोय की.”

“आणि?”

“खिडकी. अन् मागं महिपती सर.”

दाराशी उभ्या असलेल्या बाया फिसकन हसल्या. महिपतीराव तिथून बाजूला झाले, तसे ते पडद्यातूनही गेले.

“खिडकीला पडदा लावू,” महिपतीराव म्हणाले. “किंवा टेबल फिरवू. त्यात काय!”

“आन् नाव भितीकडं जाईल!” मानसिंग ओरडला.

“मग नाव ठेव,” शालनबाई म्हणाल्या. “पान जाऊ दे. तसंही पानावरचं नाव आणि पाठीवरचं नाव एक नाही. सिद्धाराम, उघड रे तुझा डबा.”

सिद्धाराम दाराशीच होता. त्याने साधा मॉनिटर काढला, टेबलाची जुनी जागा रिकामी होती, तिथे एक बाक ओढून त्यावर ठेवला. खिडकी डाव्या हाताला आली. वायर लावली, स्टँड हाताने वर सरकवला. महिपतीराव ‘समितीच्या ठरावाशिवाय’ असं काहीतरी म्हणत होते, पण माणसं तिकडे वळली होती.

पडद्यावर पान उमटलं. जुना पिवळट कागद, तांबड्या रेघा, निळी-काळी शाई. शालनबाईंना आपलं सव्वीस वर्षांच्या वयातलं अक्षर इतकं स्वच्छ समोर आलेलं बघून क्षणभर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. सगळे एक एकासारखे होते आणि सगळे नऊ नवासारखे. त्यांनी महिपतीरावांकडे फक्त एकदा बघितलं.

मानसिंग वाकला. “डोंगरे मानसिंग कोंडीबा… एक जून… वडलांचं नाव…” तो थांबला. “बाई, हितं काळं काय हाय?”

वडिलांच्या रकान्यात, नावाच्या शेवटच्या अक्षरांवर शाईचा एक पुसट डाग होता. अंगठ्याहून लहान. त्याच्या आत बारीक गोल रेषा दिसत होत्या.

“तुझ्या बापाचं बोट,” शालनबाई म्हणाल्या.

मानसिंगने मान वळवली.

“तू मामाकडे राहायला आला होतास, पहिलीत. कोंडीबा तुला घेऊन आला. मी खुर्ची दिली तर बसला नाही, खाली फरशीवर बसला. तारीख विचारली तर म्हणाला, ज्वारी काढायला आली होती. मी एक जून घातली. मग म्हणाला, बाई, वाचून दावा. मी वाचून दाखवलं. म्हणाला, पुन्यांदा वाचा. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, ह्यात माजं नाव कुटं हाय? मी दाखवलं. त्याने त्यावर बोट ठेवलं. शाई ओली होती. मी रागावले त्याच्यावर, पान खराब केलंस म्हणून. तर म्हणाला, ऱ्हाऊ द्या बाई. पोराच्या नावापाशी ऱ्हाऊ द्या.”

मानसिंग पडद्यापाशी तोंड नेऊन बघत होता. या काचेत त्याचं तोंड दिसत नव्हतं.

“त्याने नाव एकदाच मागितलं,” शालनबाई म्हणाल्या. “पंख्यावर नाही. आणि त्यात श्रीमंतही नव्हतं आणि रावही नव्हतं. धंद्याचा रकाना वाच.”

मानसिंगने वाचला, पण मोठ्याने नाही. तिथे ‘मजुरी’ लिहिलं होतं.

महिपतीराव धम्मप्रियाच्या कानाशी गेले. “उताऱ्यात तो रकाना वगळता येईल का?”

“नाही सर,” धम्मप्रिया सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. “जसं आहे तसंच निघतं.”

ती बाकासमोर बसली. पान एका बाजूला, टाइप करायचा तक्ता दुसऱ्या बाजूला. एकदाही मान न वाकवता तिने सगळे रकाने भरले. प्रिंटरने कुरकुर करून कागद बाहेर सोडला. शालनबाईंनी तो चष्मा न लावता वाचला आणि फ्रेममध्ये घातला.

मानसिंगने फ्रेम हातात घेतली. मग सिद्धारामला म्हणाला, “ह्यो हितंच ऱ्हाऊ दे. ह्यो बी माज्याकडनं.”

“मागं नाव घालायचं?” पेंटर पुढे आला. हाकलल्याशिवाय तो कुठल्याच कार्यक्रमातून जात नसे.

मानसिंगने साध्या मॉनिटरच्या पाठीकडे बघितलं. हात आपोआप वीत मोजायला उठला. शालनबाई नुसत्या त्या हाताकडे बघत राहिल्या. हात खिशात गेला.

“नगं,” तो म्हणाला.

शालनबाईंना वाटलं, चला, बापाचं थोडं तरी उतरलंय. पण त्यांचं हे वाटणं चांगलं आठ दिवसही टिकलं नाही. पुढच्या सोमवारी त्या ऑफिसात गेल्या, तर साध्या मॉनिटरच्या स्टँडवर पितळेची एक लहानशी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर श्रीमंत नव्हतं, राव नव्हतं. तेवढीच सुधारणा. धम्मप्रियाने तिच्यापुढे पेनांचा डबा ठेवला होता.

टेबल हणमंतराव सरांच्या जागी परत गेलं. चौदा जूनला, एक दिवस आधी, शेवटचं रजिस्टर पूर्ण झालं. चूक शोधायला महिपतीराव स्वतः तीन दिवस बसले आणि त्यांना एक सापडली. ती शालनबाईंची निघाली, एकोणीसशे ब्याऐंशी सालची, आणि धम्मप्रियाने शेरा लिहून ती आधीच नोंदवून ठेवली होती. कंत्राटावर सही करताना महिपतीराव म्हणाले, “मॉनिटरची निवड अचूक ठरली.” वार्षिक अहवालात त्यांनी तसं छापूनही घेतलं. निवड कोणाची, ते छापलं नाही.

चौतीस इंची मॉनिटर सिद्धाराम परत घेईना. फटी बुजवलेला माल कोण घेणार? शेवटी महिपतीरावांनी तो आपल्या केबिनमध्ये ठेवून घेतला. नाव दाराकडे, काच आपल्याकडे. त्याला वायर नाही, त्याच्याखाली संगणक नाही. पालक भेटायला आले की नाव वाचतात, आणि पलीकडे सचिव पडद्यात डोळे घालून बसलेले बघून, साहेब कामात आहेत असं समजून बाहेर थांबतात.

शालनबाई थांबत नाहीत. एकदा त्या तशाच आत गेल्या. महिपतीराव पडद्यात बघून टोपी सारखी करत होते.

“काही दिसतं का?” शालनबाईंनी विचारलं.

“बसा बाई,” महिपतीराव म्हणाले. “चहा सांगतो.”

शालनबाईंनी चहा घेतला.